घोड्याचा शौक वहीत लिहा



मार्गशीर्ष लागला की आपल्यातल्या काहींचे चित्त शेतात राहत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. पुढे त्याच महिन्याच्या वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. ज्याच्या दावणीला एखादी घोडी किंवा तट्टू आहे, त्याला ते प्रदर्शनात उभे करावेसे वाटते. मी त्यातलाच एक आहे, म्हणून हे लिहितो.

या शौकाबद्दल दोन बोलणी नेहमी कानावर येतात. पहिले बोलणे कचेरीतले. ‘घोडा पाळायला पैसा आहे, मग कर्ज फेडायला का नाही?’ शहरातल्या माणसाने कुत्रे पाळले तर ती आवड. शेतकऱ्याने तट्टू पाळले तर ती उधळपट्टी! कोरडवाहू माणसाने फक्त राबावे, हौस करू नये, असा कायदा कोणी केला? शेतकऱ्यालाही मन आहे. घोडा पाळणे हा गुन्हा नाही, हे आधी ठणकावून सांगतो.

दुसरे बोलणे आपल्याच ओट्यावरचे. ‘जत्रेत उतरायचं तर थाटात उतरावं, नाहीतर घरी बसावं.’ पहिल्या बोलण्याने आपला अपमान होतो. या दुसऱ्याने आपण बुडतो.

मी कसा बुडालो ते सांगतो. २०१८ साली पाऊस दगा देऊन गेला. कडबा महाग झाला होता, कापूस जेमतेम २२ क्विंटल निघाला. तरी जत्रेला जायचेच, हे मी ठरवलेले. गावातल्या खरेदीदाराकडून कापसावर १५,००० रुपये उचल घेतली. झूल, गोंडे, नवा साज यांत ९,००० गेले, एकट्याने गाडी केली तिचे ४,५००, उरलेले जत्रेत खर्चले. घरची माणसे एवढेच म्हणाली, ‘घोडीला झूल आली, बैलाला पेंड कधी येणार?’ मी उत्तर दिले नाही.

प्रदर्शनात पंचांनी झुलीकडे पाहिलेसुद्धा नाही. ती काढायला लावली. पुढचा पाय उचलला, खुरातली घाण बोटाने काढली आणि वास घेतला. तळव्याचा मऊ भाग सडलेला होता. मग घोडी दुडक्या चालीने पळवायला सांगितली, ती दोरीला ओढून आडवी उभी राहिली. आम्ही रांगेतून बाहेर! गावी आल्यावर कापूस मोजला तेव्हा खरेदीदाराने क्विंटलमागे २५० रुपये कमी धरले. २२ क्विंटलचे ५,५०० झाले. १५,००० रुपयांवर तीन आठवड्यांचे व्याज ५,५००! सावकाराला आपण शिव्या देतो, पण त्याच्या दारात मी माझ्या पायाने गेलो होतो.

पुढची जत्रा २०१९ च्या डिसेंबरात आली. त्या वेळी मी शंभर पानी वही घातली. नालबंदाला तीनदा बोलावून खूर कापून घेतले, ६०० रुपये. जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस, ३५०. चणे आणि जवस, ९५०. चौघांनी मिळून गाडी केली, माझा वाटा १,२००. एकूण ३,१०० रुपये, आणि उचल एका पैशाची नाही. नंबर तिसरा आला. बक्षिसाची रक्कम खर्चाच्या निम्मीही नव्हती, हेही सांगतो, कारण शौकात नफा दाखवणारा माणूस खोटे बोलत असतो. पण त्या वर्षी माझा कापूस मी माझ्या मर्जीने विकला.

घोड्याची शोभा पैशाने येते त्यापेक्षा हाताने जास्त येते, हे तेव्हा कळले. रोज खरारा करणे, रोज खूर साफ करणे, ठाण कोरडे ठेवणे याला पैसा लागत नाही. सकाळी पाव तास दोन महिने चालवले, चारी पायांवर सरळ उभे राहायला शिकवले, तर जनावर पंचांपुढे शहाण्यासारखे वागते. जवस उकळून मूठभर चंदीत घातला की अंगावर तुकतुकी येते. जवस आपल्याच रानातला आहे.

वैरणही आपल्या घरचीच आहे, पण घोडा म्हणजे बैल नव्हे, हे ध्यानात धरा. त्याला रवंथ नाही आणि उलटी करता येत नाही. बुरशी धरलेला कडबा बैल एखाद्या वेळी पचवील, घोडा पोटशुळाने लोळू लागेल. साधारण ३०० किलोच्या तट्टाला दिवसाला ५ ते ६ किलो कोरडी वैरण लागते. कडबा चांगला वाळलेला आणि स्वच्छ हवा. हिरव्या ज्वारीवर घोडे चारू नये. त्याने मूत्राशय बिघडते, मागचे पाय लुळे पडतात, आणि गाभण घोडीच्या शिंगराचे सांधे वाकडे होऊ शकतात. सरकीची पेंड बैलाची, ती शिंगराला घालू नका. कोंबड्यांचे खाद्य तर घोड्याच्या वाऱ्यालाही ठेवू नका. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते, कोंबडीला ते चालते, घोडा त्याने मरतो. चंदी बदलायची तर आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू बदला.

जत्रेला निघण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करून घ्या. निकाल यायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी धावाधाव करू नका. हा रोग माणसालाही होतो आणि रोगी जनावर मारावे लागते. आपली बादली, आपला तोबरा घरून न्या. सामाईक हौदावर घोडे पाजू नका.

भोवऱ्यांच्या मागेही लागू नका. देवमण आहे म्हणून किंमत दुप्पट, गोम आहे म्हणून निम्मी, हे दलालाचे शास्त्र आहे. चार पाय सरळ, खूर निरोगी, दात वयाप्रमाणे आणि स्वभाव गरीब, हे आपले शास्त्र असू द्या. आणि काटेरी लगाम घालून घोडा नाचवणाऱ्याला टाळ्या देऊ नका. असा लगाम १९६५ च्या नियमांनी मना केलेला आहे. रक्ताळलेल्या तोंडाचा घोडा ऐटबाज दिसतो असे ज्याला वाटते, त्याने तो लगाम स्वतःच्या तोंडात धरून पाहावा.

आता वहीतला सगळ्यात कठीण आकडा. घोड्याला दिवसाला २० ते ३० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात आणखी जास्त. ते २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या घरी कोणी वाहिले? मी नाही. हापशावर रांगेत उभी राहून ते घरच्या बाईने वाहिले. कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, असे आपण सरकारला छाती ठोकून सांगतो. मग घोडीच्या वहीत ती मजुरी का धरत नाही? मी ती धरली, तेव्हा माझे ३,१०० रुपये कितीतरी पटीने वाढले आणि मान खाली गेली. त्या दिवसापासून घोडीचे पाणी मी वाहतो. ज्याला शौक त्याच्या डोक्यावर घागर, हा नियम घरोघर झाला पाहिजे.

प्रदर्शन भरवणाऱ्यांकडेही काही मागणे आहे. लाखाच्या किमतीचा मारवाडी घोडा आणि आपले घरचे तट्टू एका रांगेत उभे करून निवाडा होतो, हा निवाडा नव्हे. ५८ इंचांखालच्या तट्टांचा वेगळा गट ठेवा. घरच्या घोडीच्या पोटी जन्मलेल्या आणि घरीच वाढलेल्या जनावराचा गट ठेवा. भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झालेली आहे, तिचे काटक जनावर सांभाळणारा माणूस तंबूत नव्हे, शेतातच सापडेल. साज उतरवून निवाडा करा. गुण सर्वांसमोर वाचून दाखवा, म्हणजे हरलेल्याला पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते कळेल. आणि रक्ततपासणीचे दिवस तालुक्याला महिनाभर आधी जाहीर करा.

भावांनो, जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे घोडी-तट्टे आहेत त्यांनी आपली वही सोबत आणावी. कचेरीतल्या साहेबाने ‘घोडा पाळायला पैसा कुठून आला?’ असे विचारले, तर ती त्याच्यापुढे उघडता आली पाहिजे. आणि त्याच्याही आधी, घरच्या चुलीपुढे उघडता आली पाहिजे. तेवढी हिंमत नसेल, तर घोडी विका. हिंमत असेल, तर खुशाल जत्रेला चला. झूल नसली तरी चालेल.