दुर्बीण घ्या, पण कशापायी?

आपल्या इंदुरीतली काही पोरं म्हणतात, तिरकमठ्यासंगं दुर्बीण पाहिजे, जनावर लांबून दिसतं. आम्ही म्हणतो, बाण नेमका लागतो वीस-तीस पावलांवर. तिथवर डोळा पुरतो. म्हातारी माणसं माग आणि लेंडी बघूनच जनावर ओळखत आली. शिवाय १९७२ च्या कायद्याने शिकार गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसती जमीन, मध, डिंक यांवर आपला हक्क मानला, शिकारीचा नाही. एका सशापायी केस झाली, तर जमिनीचा दावा राहील बाजूला आणि कोर्टाच्या खेपा सुरू होतील.

पण त्याच कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. त्यासाठी दुर्बीण जरूर घ्या. टेकाडावरून बघा: वणवा कुठं लागला, झाडं कोण तोडतंय, कुंपण कोण घालतंय. दिसलं की तारीख-वेळ टाकून ग्रामसभेच्या वहीत लिहा.