विश्लेषण : सार्जंट ते सर्वेसर्वा... काँगोची सत्ता मोबुटू यांच्या हाती कशी गेली?

जानेवारी २०२५ मध्ये ‘एम-२३’ बंडखोरांनी पूर्व काँगोतील गोमा शहर घेतले, तेव्हा सरकारी फौजेचा टिकाव लागला नाही. या दुबळ्या लष्कराची कहाणी मोबुटू सेसे सेको यांच्या उदयापर्यंत मागे जाते.

कोण होते मोबुटू?

जन्म १९३० मध्ये बेल्जियन काँगोतील लिसाला गावी. वडील बेल्जियन न्यायाधीशाकडे स्वयंपाकी होते. मोबुटू आठ वर्षांचे असताना ते वारले. मिशनरी शाळेतील बेशिस्तीची शिक्षा म्हणून त्यांना वसाहतीच्या ‘फोर्स पब्लिक’ या सैन्यात धाडण्यात आले. तेथे ते सार्जंट-मेजर झाले. काँगोली सैनिकाला त्यापुढे बढती नव्हती. नंतर पत्रकारिता करताना त्यांची पॅट्रिस लुमुंबा यांच्याशी ओळख झाली.

लष्कर निर्णायक का ठरले?

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला, पण सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. आपल्यासाठी काहीच बदलणार नाही, हे दिसताच सैनिकांनी आठवडाभरातच बंड केले. पंतप्रधान लुमुंबा यांनी घाईने स्थानिकांना अधिकारी केले. मोबुटू थेट कर्नल आणि लष्करप्रमुखांचे ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाले.

सत्ता कशी मिळाली?

सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कासावुबू आणि लुमुंबा यांनी एकमेकांना बडतर्फ केले. १४ सप्टेंबरला मोबुटू यांनी दोघांनाही बाजूला सारल्याची घोषणा केली. लुमुंबा यांनी सोव्हिएत मदत घेतल्याने अमेरिका अस्वस्थ होती. ‘सीआयए’ मोबुटू यांच्या पाठीशी उभी राहिली. पुढे कासावुबू पदावर राहिले. लुमुंबा यांना मात्र मोबुटू यांच्या सैनिकांनी पकडले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. नोव्हेंबर १९६५ मध्ये मोबुटू यांनी पुन्हा बंड करून सत्ता स्वतःकडेच घेतली. मुदत सांगितली पाच वर्षांची. राहिले १९९७ पर्यंत.

परिणाम काय?

ज्या वाटेने आपण आलो, त्याच वाटेने दुसरा येईल, ही धास्ती त्यांना होती. म्हणून आपल्या जमातीचा भरणा असलेले खास रक्षक दल त्यांनी पोसले. उरलेल्या फौजेचे पगार थकत राहिले. उपाशी सैनिक जनतेलाच लुटू लागले. १९९७ मध्ये रवांडाच्या मदतीने कबिला यांचे बंडखोर आले, तेव्हा मोबुटू यांच्यासाठी लढायला फारसे कोणी उरले नव्हते. राज्यकर्ते बदलले; पण देशाचे म्हणावे असे लष्कर काँगोला अजून उभारता आलेले नाही.