‘ब’ बदकाचा, ‘ब’ बिबट्याचा आणि ‘ब’ बर्ड फ्लूचा

प्राणिसंग्रहालयात गेलेली लहान मुले अनेकदा एक खेळ खेळतात. एक अक्षर निवडायचे आणि त्या अक्षराने सुरू होणारे प्राणी शोधायचे. ‘ब’ घेतला, तर तळ्यावर बदक आणि बगळा सापडतात, पुढे पिंजऱ्यात बिबट्या. या प्राण्यांचा एकमेकांशी संबंध एवढाच, असे मुलांना वाटते. पण बर्ड फ्लूच्या विषाणूने, म्हणजे ‘एच५एन१’ने, त्यांच्यात वेगळेच नाते जोडले आहे आणि त्या साखळीत माणूसही येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि निदान आले बर्ड फ्लूचे. संशय वळला तो त्यांच्या खाण्यातल्या कोंबडीच्या मांसाकडे. मे २०२५ मध्ये गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातील वाघीण याच रोगाने मेली. ऑगस्टअखेरीस दिल्लीत चित्रबलाक पक्षी मेल्यावर तिथले प्राणिसंग्रहालय बंद करावे लागले.

हे अचानक घडलेले नाही. डिसेंबर २००३ मध्ये थायलंडमधील सुफानबुरी येथे दोन वाघ आणि दोन बिबटे तापाने व धाप लागून मेले. त्यांना ताज्या कोंबड्या कच्च्या खायला घातल्या जात होत्या आणि त्या भागात कोंबड्यांमध्ये मरतुक सुरू होती. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिराचा येथील व्याघ्र उद्यानात ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. कच्ची कोंबडी देणे थांबवल्यानंतरही काही दिवस नवे वाघ आजारी पडत राहिले. विषाणू वाघाकडून वाघाकडे जात असावा, असे त्यावरून दिसले. म्हणजे धडा वीस वर्षांपूर्वीच मिळाला होता.

बदक आणि बिबट्या यांच्यातला फरक नीट समजून घ्यायला हवा. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू बऱ्याचदा फारसा त्रास न देता राहतात आणि विष्ठेतून पाण्यात उतरतात. तिथून ते कोंबड्यांपर्यंत पोहोचले की खुराडीच्या खुराडी ओस पडतात. मार्जारकुळातील प्राण्यांच्या फुप्फुसात खोलवर, पक्ष्यांच्या विषाणूला चिकटता येईल अशा जागा असतात. आजारी कोंबडी कच्ची खाल्ली की विषाणू तिथे पोहोचतो, न्यूमोनिया होतो, कधी मेंदूलाही सूज येते. घरातला बोकाही याला अपवाद नाही. जानेवारी २०२५ मध्ये नागपूरशेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू आढळला.

माणसाच्या फुप्फुसातही तशाच जागा खोलवर असतात. नाक-घशात त्या कमी असल्याने हा विषाणू माणसाला सहज होत नाही. पण झाला तर गंभीर ठरतो. २००३ पासून जगभरात नोंद झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावले. सौम्य रुग्ण नोंदीत येत नाहीत, त्यामुळे खरे प्रमाण कमी असू शकेल. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील एक मुलगा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांची मुलगी या रोगाने गेली. विषाणू एका सस्तन प्राण्यातून दुसऱ्यात जायला लागला, की त्याला सस्तन शरीराची सवय होण्याची संधी मिळते. पिंजऱ्यातला बिबट्या मेला ही बातमी म्हणूनच फक्त वन्यजीवप्रेमींची राहत नाही.

अशी घटना घडली की सर्वांत आधी प्रवेशद्वाराला कुलूप लागते. ते योग्यच आहे. पण वीस फुटांवरून वाघ पाहणाऱ्या पर्यटकाला धोका सर्वांत कमी असतो. धोका असतो तो पिंजरा धुणाऱ्या, मांसाचे तुकडे करणाऱ्या, आजारी जनावराला आवरणाऱ्या आणि शवविच्छेदनाला मदत करणाऱ्या माणसाला. यातले बरेच जण कंत्राटी असतात. ताप आला म्हणून घरी बसले तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ताप सांगितलाच जात नाही. रोगाचे निदान भोपाळला होते, पण रोग पहिल्यांदा दिसायला हवा तो या हजेरीपटावर.

उपाय खर्चिक नाहीत. साथीच्या काळात मोठ्या मार्जारांना कोंबडी देऊ नये, एरवीही पुरवठादाराच्या मालाची तपासणी हवी. सत्तर अंश तापमानाला पूर्ण शिजवले की विषाणू मरतो. कर्मचाऱ्यांना मास्क, हातमोजे, चष्मा आणि रोजची तापाची नोंद हवी, तापाची रजा भरपगारी हवी. दरवर्षीची फ्लूची लस त्यांना द्यावी. ती बर्ड फ्लू रोखत नाही, पण एकाच शरीरात दोन्ही विषाणू एकत्र येऊन नवा विषाणू तयार होण्याची शक्यता कमी करते.

घरच्यांसाठीही चार गोष्टी. नीट शिजवलेली कोंबडी आणि अंडी बिनधास्त खावीत. मांजराला कच्ची कोंबडी घालू नये. मेलेला कावळा किंवा कोंबडी उघड्या हाताने उचलू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. आणि पक्षी, कोंबड्या किंवा आजारी मांजर हाताळल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळ्यांची लाली आली, तर डॉक्टरांना तो संपर्क आवर्जून सांगावा. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. डॉक्टरांनीही तापाच्या रुग्णाला ‘काम काय करता, घरी कोंबड्या आहेत का?’ हे विचारायला हवे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो, आणि बदकापासून बिबट्यापर्यंत आलेली साखळी माणसापाशी तुटेल की नाही, हे पुष्कळदा त्या अर्ध्या मिनिटावर ठरू शकते.