कुलूपबंद खोली आणि बाहेरची मुलं

बहुतेक सायन्स कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागात एक खोली असतेच. फॉर्मलीनच्या बरणीतला साप, हाडांचा सापळा, टाचणीने टोचलेली फुलपाखरं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी आठवडाभर तिथे गर्दी, एरवी कुलूप. शेजारच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांना आत काय आहे याचा पत्ताही नसतो.

चेन्नईजवळच्या तांबरममधल्या एका कॉलेजाकडे मात्र कपाटात न मावणारा संग्रह आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ मध्ये शहरातल्या गजबजाटातून इथे आलं, साडेतीनशे एकरांहून मोठ्या आवारात. जमीन मूळची राखीव जंगलाची. काटेरी झुडपांची, फारशी देखणी नव्हे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड बार्न्स यांना झाडांचं विलक्षण वेड. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी इथे झाडं लावली, वाढवली. (शिकवलं रसायन, पण नाव राहिलं वनस्पतिशास्त्रात! सापकांद्याच्या एका दक्षिणी जातीला बार्न्स यांचं नाव आहे.) आज भोवती घरं, दुकानं, हमरस्ता, आत अजून झुडपी रान आणि चितळं. विद्यार्थ्याला पान पुस्तकात दाबून नव्हे, फांदीवर पाहता येतं. अशा आवारात वर्षातले चार रविवार तरी गावातल्या मुलांना हिंडवून आणावं. नाहीतर उद्या त्या रानावर कुणाचा डोळा गेला, तर त्यासाठी भांडणार कोण?

तांबरमहून लोकलने तिसरं स्टेशन पल्लावरम. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी इथे एक दगड सापडला. ती अश्मयुगीन माणसाने घडवलेली हातकुऱ्हाड होती. भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो इथून. फूट यांचा संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने विकत घेतला.

असा दगड काचेआड पाहून फारसं कळत नाही. हातात घेतला, की दोन्ही बाजूंनी टवके काढल्याच्या खुणा बोटांना लागतात आणि तो मुठीत कसा बसतो ते उमगतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून पुरातत्त्व शिकवणाऱ्या ह. धी. सांकलियांनी तर दगडी हत्यारं घडवण्याच्या पद्धतींवर पुस्तकच लिहिलं. कॉलेजचं स्वतःचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन याच कॉलेजाने १९६८ पासून अनेक वर्षं केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकरी, त्यांची घरं, धान्याच्या कणग्या, मुलांना रांजणात घालून घरातच पुरण्याची चाल, हे सगळं तिथे उजेडात आलं.

शिरूरकडच्या शाळेची सहल पुण्याला येते, ती बहुधा शनिवारवाडा आणि सारसबाग करून परतते. डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे. नगर रस्त्याने पुण्यात शिरताना एसटी त्याच्या जवळूनच येते.