पेशींचे ऋण आणि ऊसतोडीची बाई

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ महिनोन्‌महिने परमुलखात राबतो. या स्त्रियांचे दुखणे हंगाम संपेपर्यंत अंगावरच राहते. शेजारच्या बीड जिल्ह्यात अशा मजूर स्त्रियांची गर्भाशये काढून टाकली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला व नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आपल्याला कर्करोगाची भीती घालण्यात आली, असे यांतील कित्येकींचे म्हणणे होते. जिथे तपासणी नसते, तिथे भीतीचाच बाजार भरतो.

हे घडते ते डॉ. कमल रणदिवे यांच्या महाराष्ट्रात. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने मुंबईत डॉ. वसंतराव खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे, तंत्र त्या शिकल्या. मायदेशी परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, याचा शोध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून घेतला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु त्या प्रयोगशाळेच्या भिंतींआड थांबल्या नाहीत. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जाऊन त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली.

हे जाणे औदार्याचे नव्हे, ऋणफेडीचे होते. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता वाढवल्या गेल्या. त्या पेशींवर जगभरचे संशोधन पोसले. ती मात्र त्याच वर्षी मरण पावली.

मराठवाड्याचेही असेच एक देणे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची एकच तपासणी केली तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे २००९ साली जगापुढे आले. तपासणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणीविना राहिलेल्या गटात ६४. दुसऱ्या गटाला असे ठेवण्यावर टीका झाली व ती योग्यच होती. मराठवाड्याच्या स्त्रियांनी जगाला पुरावा दिला. जगाने त्यांना काय दिले?

तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचना सांगतात. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम दोन आढळल्या. व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची ही साधी रीत दहावी शिकलेली आरोग्यसेविकाही पार पाडू शकते, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील प्रयोगाने सिद्ध केले आहे. उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे, इच्छाशक्तीची.

म्हणून जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी एक मागणी हाती घ्यावी: टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी झाली पाहिजे, आणि दोष आढळलेल्या बाईचे उपचार सरकारने पुरे केले पाहिजेत. कमलताईंचे स्मारक उभारायचेच असेल, तर ते याहून वेगळे असू नये.