द्यूतप्रतिपदा आणि दमयंतीचा रथ

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस आपण बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. शिवपार्वतीच्या द्यूतक्रीडेचे स्मरण करून या दिवशी पट मांडावा, कवड्या टाकाव्यात, अशी जुनी चाल आहे. चिंचोक्यांच्या पणावर चाललेल्या या खेळास पाहून कोणी कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. परंतु चिंचोक्यांच्या जागी रुपये आणि पटाच्या जागी मोबाइल केव्हा आला, हे पुष्कळ घरांना कळलेही नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. उत्तम झाले, तथापि मध्यरात्री अंथरुणात चाललेल्या खेळापर्यंत कायद्याचा हात कितपत पोहोचणार?

द्यूताचा विषय निघाला की धर्मराजाचे नाव येतेच. हरत गेला तसतसा त्याचा पण वाढतच गेला: धन, रथ, हत्ती, राज्य, बंधू, स्वतः आणि अखेर द्रौपदी. धृतराष्ट्राने सर्व काही परत दिल्यावरही, वाटेत पुन्हा बोलावणे येताच तो माघारी फिरला. एरवी इतका संयमी पुरुष! पण गेलेले भरून काढण्याच्या ओढीने मनुष्य अधिकच मोठा धोका पत्करतो, आणि फासे हाती असताना केलेला निश्चय टिकत नाही. आजचे मानसशास्त्रही याहून फारसे वेगळे सांगत नाही.

त्याच धर्मराजाला वनवासात बृहदश्व ऋषींनी नलाची कथा सांगितली. नल कित्येक महिने पुष्कराशी खेळत होता. प्रजाजन दारी आले, मंत्री आले, दमयंतीने विनविले. त्याने उत्तरही दिले नाही. तेव्हा दमयंतीने विनवणी सोडली. वार्ष्णेय सारथ्यास बोलावून तिने रथ जोडविला आणि दोन्ही मुलांना विदर्भात, आपल्या माहेरी कुंडिनपुरास पाठवून दिले. जे वाचवायचे ते तिने पटापासून दूर नेले. पुढे सर्वस्व गेल्यावर पुष्कराने दमयंतीचा पण सुचविला, तेव्हा नल मात्र उठला आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडला.

नलाने पुढे अक्षविद्या मिळवून राज्य परत जिंकले, हाच भाग खेळणाऱ्यांना विशेष प्रिय असतो. त्या डावात त्याने दमयंतीलाही पणाला लावले होते, हे सांगताना ते सोयीस्करपणे गाळतात!

आज सायंकाळी पाडव्याचे औक्षण होईल. ज्या घरी मनात शंकेची पाल चुकचुकत असेल, त्या घरच्या गृहिणीने ओवाळणीत दागिना मागू नये. बचतीच्या खात्याचे पासबुक आणि मोबाइलवरून पैसे पाठविण्याचा गुप्त क्रमांक बदलण्याचा अधिकार मागावा. आणि यजमानांनी, फराळाला बसण्यापूर्वीच, तो तिच्या हाती द्यावा.