नगरसेवकाला फोन करून गल्ली सुधारत नाही



मागच्या बैठकीत विषय होता १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीची तयारी. प्रत्यक्षात पहिला पाऊण तास गेला तो खड्ड्यांत. एक कार्यकर्ता फेरीच्या मार्गावरच दुचाकीवरून पडून हात गळ्यात बांधून आला होता. त्याची विचारपूस झाली आणि मग एकेकाचे सुरू झाले. कोणाच्या गल्लीतले दिवे पंधरा दिवस बंद, कोणाच्या विहिरीत ड्रेनेजचे पाणी उतरलेले, कोणाच्या दारात जलवाहिनीसाठी खणलेला चर तसाच उघडा. शेवटी एक ज्येष्ठ सभासद वैतागून म्हणाले, "अरे, गटारांसाठी का आपण इथे जमलो आहोत? आपल्यापुढे सीमाप्रश्न आहे!" सगळे गप्प बसले. आम्हीही बसलो. घरी आल्यावर मात्र वाटले की गप्प बसायला नको होते. तेव्हा जे बोललो नाही ते आज लिहितो.

काका (आम्ही त्यांना काकाच म्हणतो), तुम्ही १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आहेत. १९५६ आणि १९८६ च्या हुतात्म्यांपुढे आमची मान नेहमीच झुकते. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आम्ही जागचे हलणार नाही, यात शंका नको. पण बेळगाव आमचे आहे असे म्हणायचे आणि त्याच बेळगावच्या गटाराकडे बघायचे नाही, हे कसे चालेल? जे घर आपले म्हणतो त्याचे अंगण आपण झाडतो की नाही?

मागचा हिशेब एकदा मांडू या. या महापालिकेवर कित्येक वर्षे मराठी माणसाचा शब्द चालत होता. नोव्हेंबर २००५ मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला म्हणून ती बरखास्त झाली. डिसेंबर २०११ मध्ये काळ्या दिनाच्या फेरीचे निमित्त होऊन पुन्हा बरखास्त झाली. या दोन्ही बरखास्त्या आम्ही अभिमानाने सांगतो, सांगायलाच हव्यात. परंतु त्या काळात उमेदवाराला आम्ही प्रश्न एकच विचारत होतो : निष्ठावंत आहे का? निष्ठावंत असला की पुरे. तो सभागृहात किती वेळा उठून बोलला, वॉर्डातला पैसा कोठे गेला, नाल्याची सफाई मे महिन्यात झाली की जुलैत, हे कोणी विचारले? आम्ही नाही विचारले.

मग सप्टेंबर २०२१ ची निवडणूक आली. राष्ट्रीय पक्ष पहिल्यांदाच चिन्हांवर उतरले. ५८ पैकी भाजपला ३५ जागा, काँग्रेसला १० आणि समितीच्या पदरात अगदीच मोजक्या. कोणी वॉर्ड पुनर्रचनेला दोष दिला, कोणी मतदान यंत्रांना, कोणी आपल्यातल्या फुटीला. त्या प्रत्येकात थोडेबहुत तथ्य असेल. पण निवडून आलेल्या पक्षवाल्यांत मराठी नावे काही थोडीथोडकी नव्हती आणि त्यांना मते देणारेही आपल्याच गल्लीतले होते. या मतदारांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी दाराशी तुंबलेले पाणी आठवून मत दिले असेल, हे मान्य करणे जड जाते.

त्यांना तरी काय मिळाले? जुन्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली होती. निवडणुकीला अडीच वर्षे लागली. निवडून आलेल्यांना महापौर निवडायला मिळाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षे या शहरात लोकांनी निवडलेले सभागृह चालू नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरांत पाणी शिरले तेव्हा दाद मागायची ती अधिकाऱ्यांकडे. या चार वर्षांबद्दल आपल्याकडून किती मोर्चे निघाले? लोकशाही बंद पडली होती हो, तीसुद्धा आपल्या दाराशी!

आणि विकास म्हणावा, तर जानेवारी २०१६ च्या पहिल्याच यादीत बेळगाव स्मार्ट सिटी झाले. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलेही. काही रस्ते रुंद झाले, काही फुटपाथ देखणे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शहापुरातल्या एका रस्त्याच्या जागेच्या भरपाईचे प्रकरण २०२४ साली उच्च न्यायालयात असे अंगाशी आले की सुमारे २० कोटी रुपयांचा बोजा महापालिकेपुढे उभा राहिला. घरपट्टी भरतो कोण? आपणच ना?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे चांगला नगरसेवक कोणाला म्हणतात? जो फोन उचलतो त्याला. (नगरसेविका असेल तर बहुधा फोन तिचे यजमान उचलतात. हा एक वेगळा लेखाचा विषय आहे.) आमच्यापैकी एकाच्या गल्लीतली हकिकत सांगतो. पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास गटाराचे पाणी चार-पाच घरांत शिरले. नगरसेवकाला फोन गेला. भला माणूस. दोन कामगार घेऊन रेनकोट घालून स्वतः आला. पहार घालून फरशी उचलली, अडकलेला कचरा काढला, तासाभरात पाणी ओसरले. सकाळी त्याचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर फिरले. गणपतीत मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि भाषण आमच्याच माणसाने केले. पुढच्या पावसाळ्यात त्याच घरांत पुन्हा पाणी. पुन्हा फोन, पुन्हा पहार.

तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या एका निवृत्त ओव्हरसीअरांनी गवंड्यांची पाण्याची नळी घेऊन गटाराची पातळी मोजली. गटाराचा उतार नाल्याकडे नव्हताच, उलट गल्लीकडे होता! जिथे पुढे पाणी जायचे तिथे मोरीतून आडवा पाइप गेलेला, त्याला कचरा अडायचा. हे शोधायला अर्धा तास लागला. दोन वर्षे आम्ही फोन करत होतो, सत्कार करत होतो. मोजले कोणीच नव्हते. त्या नगरसेवकाला आम्ही दोष देत नाही. आम्ही त्याच्याकडे पहार मागितली, त्याने पहार आणली. उतार आम्ही मागितलाच नाही.

जुन्या गल्ल्यांतली आणखी एक गोष्ट पाहा. आजोबांच्या वेळी दोन-तीन पायऱ्या चढून घरात जावे लागे आणि दारापुढच्या कट्ट्यावर बसले तर पाय लोंबकळत. आता कित्येक घरांचा उंबरा रस्त्याच्या बरोबरीला आला आहे, काही ठिकाणी एक पायरी उतरून आत जावे लागते. घर खचले नाही, रस्ता वर आला. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्याच्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर पडला. दर वेळी तीन-चार इंच. रस्ता झाला म्हणून आपण नारळ फोडला आणि दर वेळी आपलेच जोते तेवढे खाली गेले. पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहणाऱ्यांनाच हे दिसू शकते. कालपरवा आलेल्या भाडेकरूला कसे कळणार? आणि आपण तर पाहूनही बोललो नाही. कारण मुलगा पुण्याला, सून बंगळूरला, आपण हिंदवाडीत प्लॉट घेतलेला आणि गल्लीतले घर आज ना उद्या विकायचेच आहे!

खड्डे बुजतात ते कधी, हेही सर्वांना ठाऊक आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आधी आणि गणपतीच्या आधी. मिरवणूक जाते त्या रस्त्यावर खडी-डांबर पडते, कपिलेश्वर तलावाकडे जाणारी वाट नीट होते. आम्हाला आनंदच आहे. पण बाप्पा वर्षातून एकदा जातो, शाळेची पोरे रोज जातात.

तेव्हा मागायचे काय? आम्हाला तीन गोष्टी सुचतात, त्यातली पहिली सर्वांत महत्त्वाची.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात असे ती सांगते. बेळगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पावणेपाच लाखांवर गेली होती. कर्नाटकच्या महापालिका कायद्याप्रमाणे वॉर्ड समितीचा अध्यक्ष स्वतः नगरसेवक असतो आणि दहा सदस्यांत किमान तीन महिला, किमान दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि किमान दोन रहिवासी संघटनांचे प्रतिनिधी घ्यायचे असतात. आपल्या वॉर्डात ही समिती आहे का? असल्यास तिच्यात कोण आहे? तिची शेवटची बैठक कधी झाली? वाचकांपैकी किती जणांना या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतील? आपली गल्लीची पंचकमिटी आहे, देवस्थान कमिटी आहे, युवक मंडळ आहे, महिला मंडळ आहे. बैठक घेणे, वर्गणी काढणे, हिशेब फळ्यावर लावणे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच पंचमंडळी वॉर्ड समितीत का नसावीत? फोनवरचे काम ही मेहरबानी असते, बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेले काम हे देणे असते. मेहरबानी ज्याच्याकडे मते त्याच्याकडे आधी जाते आणि आपली मते आता किती उरली आहेत ते आकड्यांनी दाखवलेच आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या कागदाची. रस्ता केल्यावर ठरावीक मुदतीत तो उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही मुदत करारात लिहिलेली असते. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, दहा रुपये शुल्क भरायचे आणि तीस दिवसांत उत्तर मागायचे : कंत्राटदार कोण, रक्कम किती, मुदत कधीपर्यंत, जुना थर खरवडण्याची अट होती की नाही. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा आपले नेहमीचे पाल्हाळ नको.

तिसरी गोष्ट खास काकांसाठी. माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा तिथल्या राजभाषेत करावा लागतो. पण तक्रारीचे तसे नाही. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की गाऱ्हाणे दूर करण्यासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणजे तुंबलेल्या गटाराची तक्रार मराठीत लिहिणे हा आपला घटनादत्त हक्क आहे. मराठी परिपत्रके, मराठी फलक, सभेची विषयपत्रिका मराठीत, या मागण्या आपण वर्षानुवर्षे करतो आणि उत्तर मिळते की मराठीत मागतो कोण? खरेच, कोण मागतो? तक्रार करायची वेळ आली की आपण कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला गाठतो किंवा तोंडी फोन करतो. फोनची नोंद होत नाही, भाषेचीही होत नाही. गल्लीगल्लीतून मराठीत तक्रारी गेल्या, प्रत्येकीवर पोचेचा शिक्का घेतला आणि त्याची फाइल केली, तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपुढे ठेवायला आपल्याकडे भाषणाऐवजी पुरावा असेल. सांगा काका, हा सीमाप्रश्न नाही का?

नगरसेवक कोणत्या पक्षाचा आहे याने इथे फरक पडत नाही. समितीचा असेल तर त्याला हे मागणे अधिक हक्काने करायचे. पहाटे सफाई कामगारांबरोबर फिरणारे नगरसेवक या शहरात आहेत आणि त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण आयुक्त सरकारने नेमलेला, अभियंता सरकारचा, कंत्राट वरून ठरलेले. एकटा नगरसेवक या टेबलावरून त्या टेबलावर किती हेलपाटे घालणार? त्याच्या मागे समितीचा लेखी ठराव असला तर त्याचेच वजन वाढेल. जो नगरसेवक अशा समितीला घाबरेल, त्याचा विचार मतदानाच्या दिवशी करता येईल.

काळ्या दिनाच्या फेरीचा मार्ग येत्या रविवारी सकाळी सात वाजता पायी फिरून पाहायचा आहे. वही, मोजपट्टी आणि पाण्याची नळी आणतो. ओव्हरसीअरांनी यायचे कबूल केले आहे. प्रत्येक खड्ड्याची, उघड्या चराची आणि बंद दिव्याची नोंद करून त्याच दिवशी मराठीत अर्ज लिहायचे आणि सोमवारी शिक्का घेऊन यायचे. ज्याचा हात मोडला तो कार्यकर्ता डाव्या हाताने का होईना, पहिली सही करणार आहे. दुसरी सही काकांनी करावी, अशी आमची विनंती आहे.